एका कव्हरात तीन वह्या : वर्षभराच्या नोंदींसाठी ट्रॅव्हलर्स नोटबुक कशी आहे?

प्रवास, मित्रमंडळी आणि काम या तिन्हींच्या वर्षभराच्या नोंदी एकाच डायरीत ठेवायला गेलं की काम बाकीच्या दोघांना गिळून टाकतं. कामाबद्दल रोज काहीतरी लिहिलं जातं, मित्रांबद्दल महिन्यातून दोन-चारदा. प्रवासाचं तर असं की चार महिने एक अक्षर नाही आणि मग आठवड्याभरात वीस पृष्ठं भरतात. वर्ष संपताना मागचं चाळायला बसावं, तर मीटिंगांच्या ढिगाऱ्यात मैत्री हुडकत बसावी लागते. ट्रॅव्हलर्स नोटबुक ही जपानी वही या कामाला नीट बसते, कारण तिच्या एका कव्हरात तीन वेगळ्या वह्या राहतात आणि प्रत्येक वही आपापल्या वेगाने भरते. तिच्या चामड्याचं कौतुक इतकं होतं की ही मुख्य सोय मागेच पडते.

डिझाइनफिल कंपनीने ही वही 2006 मध्ये मिडोरी या नावाखाली बाजारात आणली. आता ती ट्रॅव्हलर्स कंपनी या नावाने विकली जाते. चामड्याचं कव्हर थायलंडमधल्या चिआंग माईला बनतं, आतल्या वह्या जपानमध्ये. मापं दोन: रेग्युलर, म्हणजे आतली वही 210 × 110 मिलिमीटर, आणि पासपोर्ट, 124 × 89. सोबत एक कोरी, 64 पृष्ठांची वही येते. यंत्रणा म्हणाल तर फार काही नाहीच. कण्याच्या आतून जाणारं एक इलॅस्टिक, वही बंद ठेवायला दुसरं, खुणेची एक दोरी. खिसा नाही, पेन अडकवायला जागा नाही, छापील तारखा नाहीत, पृष्ठक्रमांकही नाहीत. जे हवं ते वेगळं विकत घ्यायचं किंवा स्वतः करायचं.

वर्षाच्या नोंदींसाठी रेग्युलर मापच घ्या. पासपोर्ट माप खिशात मावतं आणि हातात घेतल्यावर मोह होतो हे खरं, पण त्यात कागदपत्रं ठेवता येत नाहीत. रेग्युलरमध्ये ए-फोर कागद तीन समान भागांत दुमडून बरोब्बर बसतो: 297 भागिले 3 म्हणजे 99 मिलिमीटर, उंची 210. तिकिटाची छापील प्रत, कामाचं पत्र, मित्राने काढून दिलेला रस्त्याचा नकाशा, सगळं न कापता आत राहतं. 4 × 6 इंची फोटो साधारण 102 मिलिमीटर रुंद असतो, तोही उभा चिकटवता येतो.

तीन वह्या आत बसवायला जोडरबर, म्हणजे वह्या एकमेकींना जोडणारे रबरबँड, लागतात. कव्हरात घालायच्या सुट्या वह्यांना आणि वस्तूंना कंपनी रिफिल म्हणते, त्यांतल्या क्रमांक 021 ने ते मिळतात. बसवण्याची पद्धत दिसते तितकी सरळ नाही, आणि बहुतेकांची पहिली तक्रार इथूनच सुरू होते. पहिली आणि तिसरी वही मधोमध उघडा आणि एकच जोडरबर दोघींच्या मधल्या घडीतून ओढून घ्या. दोन वह्या पाठीला पाठ लावून जोडल्या जातात. ही जोडी कव्हरमध्ये अशी ठेवा की कण्यातलं मुख्य इलॅस्टिक दोन वह्यांच्या मधोमध, जोडाच्या वरून जाईल. मग दुसरी वही मधोमध उघडून त्या मुख्य इलॅस्टिकखाली सरकवा. आता मधली वही जोड दाबून धरते आणि जोडी जागेवर राहते. रबर फार घट्ट असेल तर वह्या केळ्यासारख्या वाकतात, सैल असेल तर कडेच्या वह्या वर सरकून त्यांचे कोपरे कव्हराबाहेर येतात आणि आठवड्याभरात दुमडतात. रबर वहीच्या उंचीपेक्षा थोडंसंच लहान असावं. हाताने हलकेच ताणून बसलं पाहिजे, ओढावं लागता कामा नये.

या रचनेत मधली वही काढणं सोपं, कडेच्या दोन्ही काढायच्या तर सगळं सोडवावं लागतं. म्हणून सर्वांत जास्त बदलणारी वही मध्ये ठेवायची. ती प्रवासाची. कामाची आणि मित्रांची वही वर्षभर टिकते, प्रवासाची एका लांबलचक फेरीतच संपू शकते. शिवाय प्रवासाला निघताना फक्त ती काढून खिशात टाकली की झालं. बाकीच्या दोन घरी सुरक्षित.

कोणती रिफिल कशाला, यात कंपनीचं कॅटलॉग फार गोंधळवतं. 001 रेघांची, 002 पाच मिलिमीटर चौकटींची, 003 कोरी. या तिन्ही 64 पृष्ठांच्या, एमडी नावाच्या कागदाच्या. हा कागद फाउंटन पेनची शाई उत्तम पेलतो. 013 पातळ कागदाची, पृष्ठं दुप्पट म्हणजे 128. दिसायला फायद्याचा सौदा, पण पातळ कागदावर मागच्या बाजूचं लिखाण दिसतं आणि त्यावर काही चिकटवलं की पान लाटेसारखं उठतं. ज्या वहीत फक्त लिहायचं आहे तिथेच ती घ्यावी. मित्रांच्या वहीला चालेल, प्रवासाच्या वहीला अजिबात नाही.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट कॅटलॉगमध्ये सापडणार नाही. पाच मिलिमीटरच्या चौकटीत रोमन अक्षरं छान बसतात, आपल्याला मात्र शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार यांना जागा लागते. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो आणि सहा महिन्यांनी आपलंच अक्षर आपल्याला वाचवत नाही. एकाआड एक ओळ सोडली तर पृष्ठं निम्मी झाली. त्यापेक्षा कोरी 003 घ्या आणि 210 × 110 च्या जाड कागदावर काळ्या ठळक पेनाने आठ-आठ मिलिमीटरवर रेघा मारून तो पानाखाली ठेवा. वरखाली समास सोडून एका पृष्ठात चोवीस ओळी येतात. 110 मिलिमीटरची रुंदी सुरुवातीला अडचणीची वाटते, पण ओळी आखूड असल्यामुळे नंतर चाळताना डोळा पटकन खाली उतरतो.

कामाच्या वहीचं गणित या 64 पृष्ठांत अगदी नेमकं बसतं. आठवड्याला एक पृष्ठ, म्हणजे 52. उरलेली 12 महिनाअखेरीला. रोजचं काही लिहू नये, ते कॅलेंडरात आणि मेलमध्ये असतंच. आठवड्याच्या पृष्ठावर चार गोष्टी पुरतात: काय संपलं, काय अडलं आणि कोणामुळे किंवा कशामुळे, अंदाज किती तासांचा होता आणि लागले किती, मदत कोणी केली. यातली तिसरी नोंद लिहायचा कंटाळा येतो आणि वर्षाअखेर तिचाच सर्वांत जास्त उपयोग होतो. एकाच प्रकारच्या कामाला दर वेळी अंदाजाच्या दीडपट वेळ लागतोय हे बारा महिन्यांचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. ग्राहकांची नावं, पासवर्ड, करारातल्या रकमा या वहीत नकोत. ही वही कामावर जाता-येता सोबत असण्याची शक्यता असते आणि चामड्याला कुलूप नसतं. सुरुवातीलाच पृष्ठांवर 52 आठवड्यांच्या तारखा टाकून ठेवू नका. एखादा आठवडा चुकला की कोरं पृष्ठ टोचत राहतं आणि तिथून वही बंद पडते. तारीख लिहिताना टाकायची.

मित्रांच्या वहीत तारखेचा क्रम चालत नाही. इथे माणसागणिक जागा द्यावी लागते. एका माणसाला समोरासमोरची दोन पृष्ठं. 64 पृष्ठांत अशा 31 जोड्या निघतात, पहिलं आणि शेवटचं पृष्ठ एकेकटं राहतं. पहिल्यावर नावांची यादी आणि पृष्ठक्रमांक, शेवटच्यावर वाढदिवस. प्रत्येक भेटीची किंवा लांबलेल्या फोनची एक-दोन ओळींची नोंद: तारीख, कुठे, त्याचं किंवा तिचं काय चाललं होतं, आपण काय कबूल केलं. ‘छान गप्पा झाल्या’ ही नोंद निरुपयोगी. ‘मुलाखत 14 तारखेला, निकाल विचारायचा’ ही नोंद मैत्री टिकवते. घेतलेली पुस्तकं, उधारी, दिलेले शब्द यांच्यापुढे छोटी चौकट काढायची आणि काम झालं की बरोबरची खूण. पुढाकार कोणाचा होता हेही एका बाणाने दाखवता येतं: आपण फोन केला तर बाण बाहेर, त्यांनी केला तर आत. वर्षाअखेर एखाद्या जोडपृष्ठावर सगळेच बाण एका दिशेचे दिसले तर काय ते समजतं. नावाऐवजी आद्याक्षरं वापरा. दुसऱ्याच्या आजारपणाची किंवा घरातल्या भांडणाची हकिगत इथे नको. वही हरवली तर नुकसान त्यांचं होतं.

प्रवासाच्या वहीत खरी कसरत आहे ती चिकटवण्याची. 64 पृष्ठं म्हणजे 32 पानं. प्रत्येक पानावर तिकीट, पावती, फोटो चिकटवला तर वही मिटत नाही आणि बंद करायचं इलॅस्टिक महिनाभरात ताण सोडतं. उपाय जुना आहे: वही वापरायला घेण्याआधीच दर चौथं पान कापून टाकायचं, पण घडीपाशी एक सेंटिमीटरची पट्टी ठेवून. कण्याशी ती जाडी राखते, चिकटवलेल्या कागदाला जागा मिळते. पट्टी न ठेवता पान ओढून काढलं तर त्याच कागदाचं दुसऱ्या अर्ध्यातलं पान सुटतं, हे लक्षात असू द्या. अखंड कागद फक्त मधोमध, 32 आणि 33 या पृष्ठांवर मिळतो, म्हणून तिथलं पान कापू नका. नकाशा किंवा आडवा फोटो तिथे.

पावत्या आणि बरीचशी तिकिटं थर्मल कागदावर असतात. त्यात शाई नसते, उष्णतेने काळा होणारा लेप असतो. ऊन, उष्णता आणि प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटातली रसायनं यांनी तो फिका पडतो, काही वेळा वर्षाच्या आतच. कागद थर्मल आहे का हे नखाने घासून कळतं: काळी रेघ उमटली तर थर्मल. अशी पावती चिकटवायची तर आधी फोटो काढा किंवा छायाप्रत घ्या आणि प्रतच चिकटवा. निदान तारीख, ठिकाण आणि रक्कम शेजारी पेनाने लिहा. छापील बाजूवर चिकटपट्टी कधीच लावू नका, तिच्याखालची अक्षरं आधी जातात. पाणी असलेल्या पांढऱ्या गोंदाने पान सुरकुततं. गोंदाची कांडी किंवा दुहेरी चिकटपट्टी बरी. झटपट कॅमेऱ्याचे जाड फोटो एका वहीत सहा-सातपेक्षा जास्त नकोत.

लिहिण्याची नोंद म्हणजे प्रेक्षणीय स्थळांची यादी असू नये, ती कुठेही मिळते. निघण्या-पोहोचण्याची वेळ, सोबत कोण, कोणता बेत फसला आणि त्याऐवजी काय केलं, रोजचा खर्च एका आकड्यात, आणि थकवा. हो, थकवा. एक ते पाच असा आकडा टाकला तरी चालतो. पुढच्या वर्षी सुट्टी आखताना तोच कामाला येतो. राहिलेल्या नोंदी नंतर भरायच्या असतील तर फोनमधल्या फोटोंच्या वेळा आणि जागा बघा. मात्र परदेशप्रवासात कॅमेऱ्याचं घड्याळ आपलंच जुनं स्थानिक दाखवत असतं आणि फोन नव्या ठिकाणचं, त्यामुळे दोन्हींचे फोटो एकत्र केले की सकाळ-संध्याकाळ उलटीपालटी होते. पोहोचल्यावर स्टेशनातल्या किंवा विमानतळावरच्या घड्याळाचा एक फोटो दोन्हींनी काढून ठेवला तर फरक किती ते नंतर नेमकं कळतं.

पेनाबद्दल थोडक्यात. पिगमेंट शाई घ्या, पाणी पडलं तरी फुटत नाही. साधी डाय शाई पावसात धुऊन जाते. खोडता येणारी जेल पेनं या कामाला वर्ज्य समजा: त्यांची शाई साधारण 60 अंश सेल्सिअसला अदृश्य होते आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली वही तेवढी तापू शकते. गेलेली अक्षरं फ्रीझरमध्ये ठेवून बहुतेकदा परत येतात, पण जी मुद्दाम खोडली होती तीही येतात.

आता ज्यासाठी हे सगळं करायचं ते वर्षाअखेरचं वाचन. तीन वह्यांचा खरा फायदा इथे मिळतो, कारण त्या सोडवून टेबलावर शेजारी शेजारी उघडता येतात. एक ए-फोर कागद आडवा घ्या आणि तीन समान भागांत दुमडा. आपोआप तीन रकाने होतात: काम, प्रवास, मित्र. उंची 210 मिलिमीटर, बारा महिन्यांना भागली की प्रत्येकाला साडेसतरा. एवढ्या उंचीत दोन ओळी मावतात, तिसरी नाही, आणि नसावीच. प्रत्येक चौकटीत त्या महिन्यातली एकच गोष्ट. मग आडवं वाचा. ज्या महिन्यांत कामाच्या रकान्यात ‘मुदत’ आहे त्या महिन्यांत मित्रांचा रकाना कोरा आहे का? प्रवासाहून परतल्यावरच्या महिन्यात कामाचे अंदाज जास्त चुकतात का? एकाच डायरीत सगळं लिहिलं तर हे प्रश्न सुचत नाहीत, आणि तीन पूर्ण वेगळ्या वह्या ठेवल्या तर त्यांतली एक वर्षाअखेर सापडत नाही. घडी घातलेला कागद 020 या क्राफ्ट कागदाच्या फोल्डरमध्ये बसतो. झिपचं पारदर्शक पाकीट, 008, दिसायला छान पण चौथी जाडी आणतं. तीन वह्या असताना ते घेऊ नका.

दोष स्पष्टच आहेत. कव्हराचं चामडं एका ठरलेल्या रुंदीचं असतं, त्यामुळे आतली जाडी वाढेल तसं ते कण्यावरच खर्च होतं आणि पुढची कड आखडत जाते. तीन वह्या आणि थोडी तिकिटं झाली की पानांच्या कडा उघड्या पडतात. चौथी वही घालू नये ती याचसाठी. चामड्यावर लेप जवळजवळ नाही, म्हणून पाण्याचे डाग आणि नखांचे ओरखडे राहतात. काहींना तेच आवडतं. ज्यांना नाही त्यांनी काळा रंग घ्यावा. इलॅस्टिक ही झिजणारी वस्तू आहे, दुरुस्तीचा संच वेगळा मिळतो. बदलण्याआधी जुनं कोणत्या छिद्रातून कसं गेलंय याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. पृष्ठक्रमांक हाताने घालावे लागतात. फक्त उजवीकडच्या पृष्ठांवर घातले तरी पुरे.

याच्याऐवजी काय? होबोनिची टेचोत रोज एक पृष्ठ आणि तारीख छापलेली. रोज लिहिणाऱ्यांना तिच्यासारखी डायरी नाही, पण प्रवासातले आठ दिवस आणि एरवीचे आठ दिवस तिला सारखेच. लॉइश्टटुर्म 1917 च्या ए-फाइव्ह वहीत छापील पृष्ठक्रमांक आणि अनुक्रमणिकेची पानं आहेत. तीन विषय एकाच बांधणीत ठेवायचा हट्ट असेल तर तीच घ्यावी. फोनमधलं डायरीचं ॲप शोधायला अजोड, चाळायला कंटाळवाणं.

कव्हर एकदा घेतलं की रिफिल कंपनीचीच हवी असं मात्र नाही. ए-फोर कागदाची एक बाजू 210 मिलिमीटर असतेच. दुसऱ्या बाजूने 77 मिलिमीटरची पट्टी कापून टाकली की 220 × 210 उरतो, आणि मधोमध घडी घातली की नेमकं रेग्युलर माप. असे 16 कागद म्हणजे 64 पृष्ठं. कागद 80 ग्रॅमचा किंवा वरचा घ्या. ए-फोरचे तंतू बहुधा लांब बाजूला समांतर असतात आणि ही घडी त्यांना आडवी पडते, म्हणून ती ताठ राहते, उलगडू बघते. चार-चार कागदांची घडी वेगळी घालून चमच्याच्या पाठीने दाबा, मग एकात एक बसवा. घडीवर तीन छिद्रं: एक मधोमध, 105 वर, दोन त्याच्यापासून वरखाली 60-60 मिलिमीटरवर. दोरा आतून मधल्या छिद्रातून बाहेर, बाहेरून वरच्यात आत, आतून थेट खालच्यात बाहेर, पुन्हा मधल्यातून आत, आणि आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना टोकं ठेवून गाठ. मधले कागद एक-दीड मिलिमीटर पुढे येतात. पोलादी पट्टी लावून ब्लेडने छाटा, कात्री वापरू नका.

भरलेल्या वह्या ठेवताना जोडरबर काढून टाका. जुनं रबर वितळल्यासारखं चिकट होतं आणि घडीपाशी पिवळा डाग सोडतं. वहीच्या पुठ्ठ्यावर वर्ष आणि पहिल्या-शेवटच्या नोंदीची तारीख लिहा, कारण अरुंद कण्यावर काही लिहिता येत नाही. मित्रांची वही मात्र काढू नका. तिच्यातल्या जागा एका वर्षात भरत नाहीत, तीच पुढच्या वर्षी पुन्हा कडेला बसवायची.